हिरव्या गोलातल्या दोन कड्या

माझा स्वभाव तापट आहे. स्वयंपाकघरात झाकण जरा जोरात ठेवलं गेलं तरी सासूबाई विचारतात, आज कोणावर राग काढतेस म्हणून. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते वाचताना, एवढं होऊनही ही बाई गप्प कशी उभी राहिली, असं कुणाला वाटलं तर मी वाईट वाटून घेणार नाही. मलाही तेच वाटतं.

मी सुरतेत एम्ब्रॉयडरीचं पंचिंग करते. साडीवर मशीनने भरतकाम होतं ना, त्याचा एकेक टाका आधी कॉम्प्युटरवर मांडावा लागतो. सुई कुठे उतरेल, धागा कुठे वळेल, पान देठाकडून भरायचं की टोकाकडून, हे सगळं मशीनला सांगणारी फाइल मी बनवते. डिंडोलीत आमच्या दोन खोल्या आहेत. नवरा नवागामला पॉवरलूमच्या कारखान्यात मास्टर आहे, लूम अडला की त्याच्या नावाने हाका सुरू होतात. सासूबाई अंमळनेरकडच्या. अर्धं आयुष्य सुरतेत काढूनही त्या घरात अहिराणीशिवाय दुसरं काही बोलत नाहीत. माझं माहेर बुलढाण्याचं, त्यामुळे लग्नानंतर बरेच महिने मी त्यांच्या बोलण्यावर नुसती मान हलवायची आणि भलतंच काहीतरी करून ठेवायची.

कॉम्प्युटर माझा नव्हता. रिंग रोडच्या मार्केटातल्या ज्या शेठचं काम मी करायचे, त्यांनीच तो दिला होता. दुकानात नवे कॉम्प्युटर आले तेव्हा जुन्यांपैकी एक त्यांनी रिक्षात घालून माझ्याकडे पाठवला. "घरे बेसीने काम करो, बेन," म्हणाले. घरी बसून काम करा. सासूबाईंनी त्या कॉम्प्युटरला नवी सून आल्यासारखं दारात ओवाळून आत घेतलं. माझी पहिली बॉर्डर बाजारात चालली तेव्हा याच शेठने दुकानाच्या पांढऱ्या गादीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "आ बेननो हाथ जुओ." या ताईचा हात बघा. घरी येऊन मी ते वाक्य नवऱ्याला इतक्यांदा ऐकवलं की शेवटी त्यालाच ते माझ्यापेक्षा चांगलं म्हणता यायला लागलं.

तो आयकॉन मला पहिल्यांदा दिसला तो पोळ्या लाटून परत कामाला बसताना. मी माऊसला हात लावला आणि स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात काहीतरी हिरवं होतं, ते गेलं. पापणी लवायच्या आत गेलं. मला वाटलं, डोळे थकले असतील. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. कपडे वाळत घालून आले, माऊस हलवला, हिरवं काहीतरी चमकलं आणि नाहीसं झालं.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अपडेट असेल." आमच्या घरात कॉम्प्युटर गरम झाला तरी अपडेट, वीज गेली तरी अपडेट. मी म्हटलं, अहो, अपडेट असा चोरपावलांनी येतो का? त्यावर तो हसला आणि शिफ्टला निघून गेला.

पण मी हट्टी आहे. मोबाइल हातात धरून मी त्याचा फोटो काढायचा प्रयत्न केला. जमलं नाही, कारण मी टपून बसले की तो यायचाच नाही. मग मी माझ्या धंद्याची युक्ती केली. पंचिंगच्या सॉफ्टवेअरमध्येच आठवेल तसा तो आयकॉन काढायला घेतला. दर वेळी दिसला की आधीचं चित्र थोडं दुरुस्त करायची. हळूहळू ते स्पष्ट झालं. हिरवा गोल, आणि त्यात दोन पांढऱ्या कड्या, एकीत एक अडकलेल्या. साखळी टाका घालताना सुरुवातीच्या दोन कड्या दिसतात तशा. ते चित्र घेऊन मी नाक्यावरच्या रिपेअरवाल्याकडे गेले. त्याने मोबाइलकडे धड पाहिलंही नाही. "भाभी, ऐसे आयकॉन आते हैं, जाते हैं. फॉर्मॅट मार दूँ?" चहा देऊ का विचारावं तसं विचारलं त्याने! माझ्या सगळ्या डिझाइन त्यात होत्या. मी नको म्हटलं आणि तणतणत घरी आले.

नवरात्राच्या तोंडावर शेठने मला दुकानात बोलावून घेतलं. मला वाटलं, दिवाळीच्या साड्यांचं काही बोलायचं असेल. गादीवर मुनीम होते, सेल्समन होते, आणि ज्यांच्या कारखान्यात आमच्या साड्यांचं भरतकाम होतं ते दोन मशीनवालेही बसले होते. दोघांची तोंडं उतरलेली. शेठने माझ्यापुढे एक साडी टाकली. दुसऱ्या दुकानाची होती.

"आ डिझाइन कोनी छे, बेन?" ही डिझाइन कोणाची?

मी काठ हातात घेतला. पोपट आणि आंब्याची पानं. आमची साडी अजून बाजारात यायची होती, आणि हे पोपट समोर हजर. मी शेपटीकडे पाहिलं. शेपटीतलं एक पीस मी चुकून उलट्या दिशेने भरलं होतं. नंतर लक्षात आलं, पण उजेडात ते वेगळं चमकत होतं म्हणून मी तसंच राहू दिलं होतं. या साडीतही ते पीस उलटंच होतं. कुणी बघून नक्कल केली असती तर ते सरळ भरलं असतं. माझी फाइलच कुणीतरी जशीच्या तशी मशीनवर चढवली होती.

"ही तर माझी फाइल आहे!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"सांभळ्युं?" शेठ मशीनवाल्यांकडे वळून म्हणाले. ऐकलंत? "बेन पोते ज कहे छे."

ताई स्वतःच सांगते आहे. मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत. मग सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आल्या आणि कळलं. फाइल माझी म्हटल्यावर ती माझ्याच घरून बाहेर गेली, म्हणजे मी विकली. मी ओरडले, रडले, माझ्या पोरीची शपथ घेतली. शेठ शांत होते. दिवाळीची डिझाइन तुमच्याकडेच आहे, ती जर अशी बाहेर दिसली तर आख्ख्या मार्केटात तुम्हाला कोणी काम देणार नाही, एवढं त्यांनी सांगितलं. आणि ते होणार हे मला माहीत होतं. मार्केटात एका गादीवर बोललेलं दुसऱ्या गादीवर जायला वेळ लागत नाही. एकदा पंचिंगवाली चोर ठरली की तिच्याकडे पेन ड्राइव्ह घेऊनसुद्धा कोणी येत नाही.

घरी आल्यावर नवऱ्याने एकच विचारलं, "तू विकली नाहीस ना?" विचारून तो स्वतःच शरमला. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. पासवर्ड बदलला. पेन ड्राइव्ह तांदळाच्या डब्यात ठेवायला लागले. रिपेअरवाल्यावर संशय घेतला, मशीन चालवणाऱ्यांवर घेतला, समोरच्या खोलीतल्या बाईवरही घेतला, बिचारीला कॉम्प्युटर चालू कुठून करतात तेही माहीत नाही. रागाने माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. त्या हिरव्या गोलाचा आणि या सगळ्याचा संबंध असेल, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

मग दसरा आला.

सासूबाईंच्या माहेरी दसऱ्याला विळे, कुऱ्हाडी, पाभर सगळं धुऊन त्यांना हळदकुंकू लावायचे, आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या वस्तूचा तो विश्रांतीचा दिवस. नवागामच्या कारखान्यात लूमना झेंडूच्या माळा घालतात, आमच्या घरी कॉम्प्युटरला. त्यातही सासूबाईंचा एक हट्ट असतो. "बंद ठेईसन कसानी पूजा?" बंद ठेवून कसली पूजा, म्हणून कॉम्प्युटर चालू करायचा, स्क्रीनवर वणीच्या देवीचा फोटो लावायचा आणि मग हळदकुंकू. पूजा झाली की हात लावायचा नाही, म्हणजे बंदही करता येत नाही. त्यामुळे दर दसऱ्याला आमचा कॉम्प्युटर दिवसभर चालू असतो आणि कुणी त्याच्याजवळ जात नाही. लाइट बिलाचं काय, असं मी एकदा विचारलं होतं. पुन्हा विचारलं नाही.

शेठच्या दुकानात ही पद्धत नाही. त्यांची पूजा दिवाळीत, चोपड्यांची. दसऱ्याला ते सकाळी फाफडा-जिलेबी खातात आणि दुकान उघडतात. आदल्या दिवशी मी दुकानात फोन केला होता, उद्या काम होणार नाही म्हणून. फोन छोट्या शेठने घेतला. छोटा शेठ म्हणजे शेठचा मुलगा, काचेच्या केबिनमध्ये बसतो. त्याने विचारलं, "गाम जाओ छो?" गावी निघालात का? मी म्हटलं, "सण आहे. उद्या दिवसभर आम्ही कोणी कॉम्प्युटरला हात लावणार नाही." त्याने बरं म्हणून फोन ठेवला.

दुपारी जेवणं झाली होती. पुरणपोळीवर जिलेबी, कारण नवरा मनाने पुरता सुरती झालेला आहे. तो खाटेवर आडवा झाला होता, पोरगी शेजारी खेळायला गेली होती, सासूबाई सुपारी कातरत होत्या, मी भिंतीला टेकून बसले होते. समोर टेबलावर कॉम्प्युटर, स्क्रीनवर देवी. माऊसवर हळदकुंकवाची बोटं आणि वर एक झेंडू.

देवीच्या पायाशी हिरवा गोल आला.

मी वाट पाहिली, आता जाईल. गेला नाही. इतके दिवस निमिषभर दिसून पळणारा तो आयकॉन निवांत थांबला होता. दोन पांढऱ्या कड्या, एकीत एक. माझं चित्र अगदी बरोबर होतं. मी नवऱ्याला हाक मारणार, एवढ्यात स्क्रीनवरचा बाण हलला.

माऊस जागेवर होता. त्याच्यावरचा झेंडूही जागेवर होता. आणि बाण देवीच्या अंगावरून सरकत सरकत वर गेला. सासूबाईंनी पाहिलं आणि अडकित्ता खाली ठेवून हात जोडले. त्यांना वाटलं, देवीनेच काही चमत्कार केला. पण देवी कशाला माझं फोल्डर उघडेल? बाणाने ते उघडलं. आतलं दिवाळीचं उघडलं. माझे मोर, माझी कमळं, अजून कुणाला न दाखवलेला पदर, एकेक फाइल निळी होत गेली.

"कोन चालाडी ऱ्हायनं हाई?" सासूबाई ओरडल्या. हे चालवतंय कोण?

नवरा खाटेवरून उडी मारून माऊसकडे धावला. "हात लावू नका!" मी किंचाळले. दसरा म्हणून नाही. तेवढ्यात मला कळलं होतं. मी माऊसला हात लावला की हा पळतो. दर वेळी तसंच झालं होतं. मी स्वयंपाकघरात गेले की तो यायचा, आणि मी येऊन माऊस हलवला की घरात कुणी आहे हे त्याला कळायचं. आज दिवसभर कुणाचा हात लागला नव्हता, म्हणून त्याला घर रिकामं वाटत होतं. नवऱ्याचा हात हवेतच राहिला. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटी पट्टी उघडलेली होती. हा कॉम्प्युटर आत्ता कुठून चालवला जातोय, ते तिच्यावर लिहिलेलं होतं. मी पुढे सरकून वाचलं.

शेठच्या दुकानाचं नाव. आणि त्यापुढे दोनचा आकडा.

दुकानातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला नंबर आहे, वर चिकटपट्टीवर लिहिलेला. दोन नंबरचा काचेच्या केबिनमध्ये असतो. मी मोबाइलने फोटो काढला, खात्रीसाठी पुन्हा काढला. फाइली गेल्या. हिरवा गोल गेला. देवी पुन्हा एकटी राहिली.

सासूबाईंनी विचारलं, "हाऊ रोज येस का आपला घरमा?" हा रोज येतो का आपल्या घरात? मी तोवर फक्त डिझाइनचा विचार करत होते. त्या कॉम्प्युटरवर पोरीच्या शाळेचे फोटो होते, नवऱ्याच्या पाठीचे रिपोर्ट होते, बहिणीच्या सासरच्या भांडणाचं मी तिला लिहिलेलं सगळं होतं. जो कॉम्प्युटर ओवाळून घरात घेतला, त्याच्यातूनच हा माणूस आमच्या घरात ये-जा करत होता. सासूबाईंनी दांडीवरचा टॉवेल ओढला आणि स्क्रीनवर टाकला.

दुसऱ्या दिवशी मी मार्केटला गेले. खरं सांगायचं तर रिक्षात मला हलकं वाटत होतं. पुरावा हातात होता. उलट मला शेठचीच कीव येत होती. बापाला कसं सांगायचं की तुमचाच मुलगा तुमच्या डिझाइन बाहेर देतो? त्यांना धक्का बसेल. त्यांना रक्तदाबाचा त्रास होता. गुजरातीत हळुवारपणे कसं बोलायचं, त्याची वाक्यं मी उधना दरवाजापर्यंत मनात जुळवत होते.

शेठ आतल्या खोलीत एकटेच होते. काचेची केबिन रिकामी होती. "बेसो, बेन," ते म्हणाले. मी बसले. मोबाइल पर्समध्येच होता, अजून काढला नव्हता.

"शेठ," मी म्हटलं, "काल माझ्या कॉम्प्युटरवर एक आयकॉन आला. हिरवा गोल."

एवढंच बोलले. फाइली म्हटलं नाही, मुलगा म्हटलं नाही, दोन नंबर म्हटलं नाही. शेठने एकदा रिकाम्या केबिनकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि माझी समजूत काढावी तसं म्हणाले,

"ए तो फक्त डिझाइन ज ले छे, बेन. तमारा घरनुं कशुं जोतो नथी."

तो फक्त डिझाइनच घेतो. तुमच्या घरचं काही बघत नाही.

मला वाटलं, आपलं गुजराती कच्चं आहे, काहीतरी चुकीचं ऐकलं. पण वाक्य साधं होतं. त्यांना माहीत होतं. साडी माझ्यापुढे टाकली तेव्हाही माहीत होतं. मी पोरीची शपथ घेत होते, तेव्हा हा माणूस शांत बसला होता तो रागाने नाही, सगळं माहीत होतं म्हणून. डिझाइन अशी फुटली तर आपल्या मशीनवरचं काम जाणार म्हणून मशीनवाले उत्तर मागत होते आणि त्यांना कोणीतरी द्यायचं होतं. त्याने मला दिलं.

"छोकरानी सगाई छे," ते पुढे बोलतच होते. मुलाचा साखरपुडा आहे, बोभाटा नको. तुम्हाला काम कमी पडू देणार नाही. मशीनवाले चार दिवसांत विसरतील. आणि तसंही, तुम्ही स्वतःच तर सगळ्यांसमोर म्हणालात की फाइल माझी आहे. हे शेवटचं त्यांनी अगदी मायेने सांगितलं. इतरांना भाजी जास्त शिजली म्हणूनही फाडून खाणारी मी, त्या वेळी नुसती पर्स काखेत मारली.

मी उठून बाहेर आले. गादीवर मुनीम होते, तेच सेल्समन होते, समोर साड्यांचा ढीग. त्यांच्यापुढे मला चोर ठरवलं होतं, तर त्यांच्यापुढेच ते पुसलं जायला हवं, एवढं एकच त्या वेळी माझ्या डोक्यात होतं. मी मोबाइल काढला, फोटो उघडला आणि गादीच्या मधोमध ठेवला.

"हा केबिनमधला दोन नंबरचा कॉम्प्युटर," मी म्हटलं. "काल दुपारी माझ्या घरातल्या कॉम्प्युटरमधून फाइली नेत होता. माझ्या डोळ्यांदेखत."

मी थांबले. आता कोणीतरी 'अरे बाप रे' म्हणेल. कोणीतरी फोन उचलून जवळून बघेल. निदान एक जण तरी उभा राहील. फोन तिथेच पडून होता. एका सेल्समनने साडीची घडी पुन्हा घातली, ती आधीच नीट होती. दुसरा दाराकडे, न आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघायला लागला. मुनीम माझ्यापेक्षा वयाने कितीतरी मोठे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि फोटोकडे न बघताच म्हणाले, "मूकी दो ने हवे, बेन." सोडून द्या ना आता.

मी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहत गेले. धक्का कुणालाच बसला नव्हता. मी चोर नाही हे दुकानाच्या प्रत्येक माणसाला त्या दिवशीही माहीत होतं, आणि माहीत असूनच ते सगळे माझ्याकडे चोराकडे बघतात तसे बघत बसले होते.